पाचव्या महिन्यातला चेहरा

सोनोग्राफी करताना डॉक्टर मधेच गप्प झाली, की टेबलावर झोपलेल्या बाईच्या ते लगेच ध्यानात येतं. काय झालंय ते तिला ठाऊक नसतं, पण काहीतरी झालंय हे पक्कं कळतं. ती पडद्याकडे बघतच नसते, माझ्या तोंडाकडे बघत असते. चौलमध्ये हे काम सुरू केलं तेव्हा माझी समजूत साधी होती: दिसेल ते नीट पाहायचं, रिपोर्टमध्ये नीट लिहायचं, झालं आपलं काम. इतक्या वर्षांनंतर वाटतं, पाहणं हा त्यातला सोपा भाग. पोटातल्या बाळाचा ओठ दुभंगलेला दिसल्यावर पुढच्या दहा मिनिटांत मी काय बोलते, कुणासमोर बोलते, आधी काय आणि मागून काय सांगते, यावर त्या घरातलं बरंच काही ठरतं.

दुभंगलेला ओठ आणि टाळू ही काही लाखात एखादी गोष्ट नाही. जगभरचा अंदाज साधारण सातशे जन्मांमागे एक असा आहे. चौल, रेवदंडा, थेरोंडा, नागाव, खाडीपलीकडची कोर्लई आणि साळाव, एवढ्या टापूतल्या बायका माझ्याकडे येतात. वाडीत राबणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, अलिबागेत नोकरी करणाऱ्या. कुणी एसटीने येते, कुणी मिनीडोरने, कुणी नवऱ्याच्या बाइकवर मागे एका बाजूला बसून. त्यांच्यात वर्षाकाठी एखाद-दुसरं तरी असं बाळ निघतंच.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, म्हणजे १८ ते २० आठवड्यांमधली, ही त्यासाठीची खरी वेळ. बाळाचा चेहरा समोरून यावा असा प्रोब वळवायचा. दोन नाकपुड्या दिसतात, त्यांच्याखाली वरचा ओठ, मग खालचा. वरच्या ओठाची पांढुरकी पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग दिसली पाहिजे. दुभंग असेल तर नाकपुडीखाली काळी फट दिसते आणि त्या बाजूची नाकपुडी चपटी, पसरलेली असते. बहुतेक वेळा ही फट डाव्या बाजूला असते. डावीकडेच जास्त का, याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. मग प्रोब आडवा करून वरच्या जबड्याची कमान पाहायची. त्यात दातांच्या कळ्या ओळीने दिसतात. ती ओळ मधेच तुटली असेल तर दुभंग हिरडीतून मागे टाळूपर्यंत गेला असण्याची शक्यता मोठी.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात बाळाने मूठ तोंडावर धरलेली असते, किंवा ते आईच्या पाठीकडे तोंड करून बसलेलं असतं. कधी नाळेचा वेढा ओठावरून गेलेला असतो आणि हुबेहूब फटीसारखा दिसतो. रंगीत डॉप्लर लावून त्यातून रक्त वाहतंय का ते बघावं लागतं. वाहत असलं तर ती नाळ. अशा वेळी मी बाईला उठवते, म्हणते, नाक्यापर्यंत चालून ये, काहीतरी खाऊन ये. पंधरा-वीस मिनिटांनी बाळ कूस बदलतं. एका बाईला अशी तीनदा पाठवली तेव्हा तिची सासू वैतागली. ‘‘दुसरीकडं पाच मिनिटांत होतं,’’ म्हणाली. होतं खरं. पण चेहरा दिसला नसेल तर ‘चेहरा दिसला नाही’ असं लिहून परत बोलवावं. न दिसलेला ओठ ‘नॉर्मल’ म्हणून लिहू नये.

पोटातल्या बाळाचा दुभंग सोनोग्राफीत ओळखल्याचा पहिला अहवाल १९८१ सालचा, अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांचा. तेव्हाच्या यंत्रांवर ते दिसलं हेच मला आजही नवल वाटतं. २०१० साली गर्भाच्या सोनोग्राफीसाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पाचव्या महिन्याच्या तपासणीत काय काय पाहिलंच पाहिजे याची यादी केली, त्यात वरचा ओठ सलग आहे की नाही हे आलं. टाळूचं मात्र तसं नाही. ओठ धड आणि फक्त मागची टाळू उघडी, असं बाळ आजही जन्माआधी बहुधा सापडत नाही. टाळू हाडांच्या सावलीत दडलेली असते. बाळ मेहेरबान असेल तर मागे पडजीभ दोन समांतर रेघांनी दिसते. पुस्तकांत त्या खुणेला बरोबरचं चिन्हच म्हणतात. ते दिसलं तर टाळू जुळलेली आहे असं धरायला हरकत नाही. पण ते प्रत्येक बाळात दिसत नाही. म्हणून ही मर्यादा मी तपासणीआधी तोंडी सांगते आणि रिपोर्टमध्येही लिहिते. बाळंतपणानंतर ‘सोनोग्राफी तर नॉर्मल होती’ म्हणून घरच्यांनी कपाळाला हात लावण्यापेक्षा हे बरं.

फट दिसली की मी लगेच काही बोलत नाही, पण गप्पही बसत नाही. बाळाचे हात दाखवते, पाठीचा कणा दाखवते, ठोके ऐकवते. तेवढ्यात बाकीचं सगळं बाळ तपासून घेते, कारण ओठाची फट कधी कधी एकटी नसते. मेंदू, डोळ्यांमधलं अंतर, हनुवटी, हृदय, मूत्रपिंडं, बोटं. सगळं पाहून झाल्याशिवाय त्या फटीचा अर्थ सांगता येत नाही. मग पोटावरची जेली पुसून तिला उठून बसू देते, साडी नीट करू देते. झोपलेल्या बाईला अशी बातमी देऊ नये. आणि ती पहिल्यांदा तिलाच द्यावी. नवरा, सासू यांना आत बोलवायचं की नाही हे तिने ठरवावं.

बातमी ऐकल्यावर पहिला प्रश्न शंभरातल्या नव्वद घरांत एकच असतो: ग्रहणात काही केलं का हिने?

आपल्याकडे हे किती खोल रुजलंय ते बाहेरच्याला कळायचं नाही. ग्रहण लागलं की पोटुशी बाई घराच्या आतल्या खोलीत. विळीला हात लावायचा नाही, सुईदोरा नाही, काही मोडायचं नाही, चिरायचं नाही. पाणीसुद्धा नाही. चिरलं तर बाळाचा ओठ चिरतो. आत बसायला माझी हरकत नाही, तेवढाच आराम. पण दिवस गेलेल्या बाईला तासन् तास उपाशी, तहानलेली ठेवणं वाईट, आणि त्याहून वाईट म्हणजे नंतर जन्मभर तिच्या माथी मारलेला ठपका.

२०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. सूर्य ग्रहणातच मावळला. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एक पहिलटकरीण आली आणि बाळाच्या डाव्या ओठाला फट निघाली. सासू बाहेरूनच म्हणाली, ‘‘भाऊबीजेचं सामान काढत होती त्या दिवशी, मी बघितलं ना. गिराण लागलं.’’ सून मान खाली घालून बसलेली. तिनेही ते मानलं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दोघींच्या मधे ठेवलं. शेवटची पाळी जूनच्या अखेरीस. पाळीपासून मोजलं तर वरचा ओठ नवव्या आठवड्याच्या सुमारास जुळून पुरा होतो. दोन्ही गालांकडून आणि मधून, नाकाकडून, असे भाग वाढत येतात आणि एकमेकांना मिळतात. एका बाजूला ते मिळाले नाहीत, की फट राहते. म्हणजे जे काही व्हायचं ते श्रावणात झालं. ‘‘दिवाळीला हिला सतरावा आठवडा होता. ओठाचं काम दोन महिन्यांपूर्वीच संपलेलं. संपलेल्या कामात ग्रहण काय करणार?’’ सासूने कॅलेंडरवर बोट ठेवून स्वतः आठवडे मोजले, एकदा नाही, दोनदा. मग काही बोलली नाही. पण निघताना सुनेची पिशवी तिने स्वतःच्या हातात घेतली.

आता कुणी विचारेल, ग्रहण नेमकं आठव्या आठवड्यात आलं असतं तर? तर कॅलेंडर कामाला आलं नसतं, हे कबूल. तेव्हा मी दुसरं सांगते. ज्या वर्षी आपल्याकडे ग्रहण दिसत नाही त्या वर्षीही अशी बाळं जन्मतात. जिथे ग्रहणाचा कसलाच विधिनिषेध नाही, बायका खुशाल भाजी चिरतात, त्या देशांतही जन्मतात. खरी कारणं बरीच आणि गुंतागुंतीची आहेत. काही आनुवंशिक, काही आईच्या तब्येतीची. आटोक्यात न आणलेला मधुमेह, फिट्सची काही औषधं, तंबाखू. आपल्याकडे बायका मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत, म्हणून मी ‘तंबाखू खाता का’ असं न विचारता मशेरीचं नाव घेऊन विचारते. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घेतली तर बरं, असं म्हणतात. पण तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला येणाऱ्या बाईच्या बाळाचा तोवर ओठही होऊन गेलेला असतो आणि टाळूही जवळजवळ झालेली असते. टाळूच्या दोन फळ्या आधी जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. जीभ खाली सरकली की दाराच्या फळ्यांसारख्या त्या आडव्या होऊन मधे मिळतात. हे सगळं तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस उरकतं. फिट्सच्या गोळ्या मात्र घाबरून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला विचारून बदलायच्या.

एकदा एका जोडप्याला समजावून सांगत होते. नवरा बोलताना माझं लक्ष त्याच्या खालच्या ओठाकडे गेलं. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे दोन खळगे, त्यातल्या एकात थोडा ओलावा. विचारलं तर म्हणाला, लहानपणी पडलो होतो, दात घुसले असतील. दात घुसून इतके सारखे दोन खळगे पडत नाहीत. वॅन डर वूड नावाचा एक आनुवंशिक प्रकार आहे, त्याची ही खूण. ज्याला ती आहे त्याच्या दर मुलात ते जनुक उतरण्याची शक्यता निम्मी. काहींना फक्त खळगे येतात, काहींचा ओठ किंवा टाळू दुभंगते. त्याच्या आत्याच्या ओठालाही तसंच काहीसं आहे, हे त्याला तेव्हा आठवलं. बायकोने इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. पण बाहेर गेल्यावर घरच्यांचं बोलणं कानावर आलं, ‘‘म्हणजे आपल्याच पोरात खोट.’’ सुनेवरचा ठपका उचलून मुलावर ठेवला, एवढंच झालं. त्यांना परत आत बोलावलं. जनुक कुणी मागून घेत नाही, कुणी देऊही शकत नाही, हे त्या दिवशी मला पुष्कळदा सांगावं लागलं.

एक प्रश्न मात्र आजही ऐकला की अंगावर काटा येतो. एका सासऱ्यांनी विचारलेला. ‘‘पोरगा असंल तर चालंल हो, पुढं मिशी आली की झाकतं. पोरगी असंल तर कसं?’’ म्हणजे ठेवायचं की नाही, हे मी बाळाचं लिंग सांगण्यावर अवलंबून. माझ्या दारावर पाटी आहे, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. ती काही शोभेची नाही. असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. मी त्यांना सरळ सांगितलं, हे मी सांगणार नाही, आणि दुभंग मुलीचा असो वा मुलाचा, शिवायचा तसाच असतो. त्यांना ते पटलं असं मला वाटलं नाही. त्या बाईला मी पुढच्या तपासण्यांना मुद्दाम एकटीला आत घेत गेले. बाळ झालं. ते काय झालं हे इथे लिहायचं कारण नाही.

‘‘मग काढून टाकू या का?’’ हेही विचारतात, बहुतेक वेळा नवऱ्याकडचे, कधी कधी ती स्वतः. यावर मी माझं मत लादत नाही, लपवतही नाही. गर्भपाताचा कायदा आहे. २०२१ च्या सुधारणेआधी मर्यादा २० आठवड्यांची होती, आता काही गटांतल्या स्त्रियांसाठी ती २४ आहे, आणि त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. संमती स्त्रीची, दुसऱ्या कुणाची नाही. पण ओठ दुभंगला आणि बाकी बाळ ठीक असेल तर हे व्यंग शिवून दुरुस्त होणारं आहे, हे मी स्वच्छ सांगते, आणि शस्त्रक्रियेच्या आधीचे व नंतरचे फोटो दाखवते. थ्रीडी चित्र मात्र मागितल्याशिवाय दाखवत नाही. त्यात फटीशिवाय दुसरं काही डोळ्यांत भरतच नाही. इंग्लंडमध्ये २००१ साली उशिरा झालेल्या अशाच एका गर्भपातावरून प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, डॉक्टरांवर खटला भरायचा नाही हा निर्णय व्हायला २००५ उजाडलं. तिथेही हा प्रश्न सोपा नव्हता.

आणि काही वेळा खरंच उत्तर वेगळं असतं. ओठाची फट अगदी मधोमध, डोळे एकमेकांजवळ, मेंदूचे दोन भाग वेगळे झालेलेच नाहीत. असं दिसलं की ओठाबद्दल बोलायचंच नसतं. दोन्ही बाजूंचा दुभंग, किंवा ओठाबरोबर हृदयात काही, बोटं जास्त, असं असेल तर मी मुंबईला पाठवते, गर्भजलाची तपासणी करायला. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, वडखळवरून रस्त्याने जावं लागतं, एक दिवसाची मजुरी बुडते. यातलं एकेक कारण ऐकून बाई म्हणते, राहू दे. तेव्हा गावच्या आशा सेविकेला फोन करून जायचा दिवस ठरवून घ्यावा लागतो, नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यात कोरोना. ज्यांचा पाचवा महिना त्या जूनमध्ये होता त्यांची तपासणी कुठे होणार? छप्पर उडालेल्या घरातली बाई सोनोग्राफीला येत नाही, आणि यावं असं म्हणणंही चुकीचं. काही जणी सातव्या-आठव्या महिन्यात आल्या. तोवर बाळ मोठं, पाणी कमी, चेहरा गर्भाशयाला टेकलेला. त्यातल्या एकीचं बाळ दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलं, घरात कुणालाच कल्पना नव्हती. पाजताना दूध नाकातून आलं आणि आजीने भीतीने पाजणंच थांबवलं. आठव्या दिवशी मूल आणलं तेव्हा वजन जन्मवेळेपेक्षा कितीतरी उतरलेलं.

आधी कळण्याचा खरा फायदा इथे आहे. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकतं. टाळू उघडी असेल तर त्याला ओढताच येत नाही, तोंडात पोकळी धरत नाही. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. बाळाला आडवं न ठेवता बसतं धरायचं, थोडं थोडं द्यायचं, मधे मधे ढेकर काढायची. दूध नाकातून आलं तर घाबरायचं नाही, थांबायचं, पुसायचं, परत द्यायचं. आमच्याकडे बोंडलं अजून कित्येक घरांत माळ्यावर सापडतं. आठव्या महिन्यात मी आईला आणि सासूला दोघींना हे शिकवते, कारण बाळंतपणानंतर पाजणारी सासू असते किंवा आई. ज्या घरात हे आधी शिकवून झालेलं असतं तिथे बाळाचं वजन वाढतं, आणि वजन वाढलं की शस्त्रक्रिया वेळेवर होते. जुना हिशेब आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन आणि दहा हिमोग्लोबिन. आता ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू बोलायला लागायच्या सुमारास, नऊ ते अठरा महिन्यांत. टाळूच्या मुलांना कानात पाणी साठून कमी ऐकू येतं, म्हणून कान तपासायचे. मग बोलण्याचा सराव, दात, आठ-दहा वर्षांच्या सुमारास हिरडीत हाड बसवणं. एका टाक्यात मिटणारं काम नाही, पण होणारं आहे.

या कामाला आयुष्य दिलेली माणसं आपल्या मुंबईनेच दिली. डॉ. हिरजी सोराब आदेनवाला मुंबईत जन्मले, १९५९ साली केरळात त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात गेले आणि २०२० साली वारले तोवर हजारो मुलांचे ओठ-टाळू त्यांनी जोडले. तिथल्या केंद्राला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, मुंबईतले आपले गुरू डॉ. चार्ल्स पिंटो यांचं दिलं. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. पुढचे उपचार मोफत. पैशाअभावी कुणी थांबायचं कारण नाही. तरीही थांबतात, कारण सांगितलेलं नसतं.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढी विनंती. घरात कुणी पोटुशी असेल तर १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, आणि रिपोर्टमध्ये ओठाबद्दल लिहिलंय का ते वाचा. बाळ जन्मल्यावर डॉक्टरांना किंवा नर्सताईंना सांगून टॉर्चच्या उजेडात त्याच्या तोंडात, पार मागपर्यंत, एकदा पाहून घ्या. सोनोग्राफीत न दिसलेली टाळू तेव्हा दिसते. आणि तुमच्या आळीत, वाडीत ओठ न शिवलेलं कुणी मोठं माणूस असेल, विशीचं, चाळिशीचं, तर त्यालाही अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला सांगा. ओठ शिवायला वयाची अट नाही.